टेंबेगुरुजींचं पिंप

टेंबेगुरुजी दारूच्या दुकानात नोकरी करतात हे शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या झाडून सगळ्या मराठी घरांना माहीत होतं, आणि ते कोणीही मोठ्याने बोलत नसे. सोमवार ते शुक्रवार ते हिरवा एप्रन बांधून एका स्ट्रिप मॉलमधल्या दुकानात काउंटरमागे उभे असत. शनिवार-रविवारी त्यांच्या जुन्या टोयोटाच्या डिकीतून ताम्हन, पळी, सोवळं आणि पोथ्यांची पिशवी बाहेर निघे आणि ते सत्यनारायण, वास्तुशांत, बारसं, जे असेल ते करून देत. शुक्रवारी त्यांच्याकडून वाइन घेऊन गेलेला माणूस रविवारी त्यांना वाकून नमस्कार करी, आणि दोन्ही वेळी दोघांच्याही चेहऱ्यावर काही दिसत नसे. सगळ्यांची छान सोय होती ती. ती मी मोडली.

गुरुजी मूळचे सांगलीकडचे. घरात भिक्षुकी चालत आलेली, पण वडिलांनी त्यांना रसायनशास्त्र शिकवलं आणि ते एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट झाले. मळीपासून अल्कोहोल काढण्यात त्यांची तीस वर्षं गेली. बायको गेल्यावर मुलगी सुनीता त्यांना इकडे घेऊन आली. मुलगी-जावई दिवसभर ऑफिसात, नातू शाळेत, आणि गुरुजी घरात टीव्हीसमोर. एक दिवस ते रिकामे खोके मागायला त्या दुकानात गेले. दुकानाचा मालक स्टॅन हा पोलिश म्हातारा, तोही एकटाच. गुरुजींनी कोपऱ्यातल्या एका बंद खोक्यावर नाक टेकवलं आणि म्हणाले, यातल्या एका बाटलीचं बूच खराब आहे. स्टॅनने खोका फोडून बघितला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना कामावर ये म्हणून सांगितलं.

त्यांचं नाक ही एक स्वतंत्र व्यक्ती होती. ते टपालाची पाकिटं हुंगत, केळी हुंगत, नव्या गाडीत बसले की आधी सीट हुंगत. मी पहिल्यांदा दुकानात गेलो तेव्हा ओळखपाळख व्हायच्या आत त्यांनी मला सांगितलं, "कोट स्वयंपाकघराजवळच्या कपाटात ठेवत जाऊ नकोस. काल कारल्याची भाजी होती ना?" होती. त्यानंतर मी कोट बेडरूममध्ये ठेवायला लागलो, आणि माझ्या ऑफिसातली शेजारीण माझ्याशी जरा जास्त बोलायला लागली, हे मी मीनलला, म्हणजे माझ्या बायकोला, कधी सांगितलं नाही.

स्वतः गुरुजी थेंबभरही पीत नसत. लोकांना वाटे सोवळ्यामुळे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "सोवळ्याचा काय संबंध? जीभ मध्ये पडली की नाक आळशी होतं. कारखान्यात ज्यांनी ज्यांनी चाखायला सुरुवात केली, त्या सगळ्यांची नाकं दोन वर्षांत गेली. नोकऱ्याही गेल्या." गिऱ्हाइकाला ते आधी विचारत, जेवायला काय आहे. ज्याला उत्तर देता येत नसे त्याला ते महागाची बाटली देत नसत. स्टॅन कपाळाला हात लावी, पण लोक परत परत येत.

२००१ सालच्या शेवटी माझा प्रोजेक्ट संपला आणि कंपनीने मला बेंचवर बसवलं. म्हणजे काम नाही, पगार नाही, आणि व्हिसा कधी जाईल याचा नेम नाही. घरी मी बायकोला इंटरव्ह्यूला जातो असं सांगून बाहेर पडे. एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता मी दुकानात जाऊन व्हिस्कीची बाटली काउंटरवर ठेवली. गुरुजींनी बाटलीकडे पाहिलं नाही, घड्याळाकडे पाहिलं.

"ड्रायव्हिंग करतोस ना चांगलं?" त्यांनी विचारलं.

"करतो. का?"

"येत्या रविवारी नेपरव्हिलला वास्तुशांत आहे. मला हायवेची भीती वाटते. तू चल." आणि बाटली उचलून त्यांनी पुन्हा फळीवर ठेवली. त्यांना हायवेची मुळीच भीती वाटत नसे, हे मला पुढे कळलं.

तो रविवार मी जन्मात विसरणार नाही. होम सुरू करण्याआधी गुरुजी सोवळं नेसून खुर्चीवर चढले आणि पिशवीतून हॉटेलातली शॉवर कॅप काढून त्यांनी छतावरच्या स्मोक डिटेक्टरला टोपडं घालावं तशी घातली. अशा कॅप त्यांच्याकडे डझनाने असत. पण नव्या घराला वरच्या मजल्यावरही डिटेक्टर होते आणि ते थेट फायर ब्रिगेडला जोडलेले होते. पूर्णाहुतीच्या वेळी दारात लाल गाडी उभी राहिली. यजमान पांढरेफटक पडले. गुरुजी मात्र शांतपणे उठले, तीन धिप्पाड फायरमननी हेल्मेटं काढेपर्यंत थांबले आणि प्रत्येकाच्या हातात शिऱ्याचा द्रोण ठेवला. "वुई आर टेलिंग द हाउस दॅट पीपल हॅव कम," ते म्हणाले. त्यातला एक जण परत जाताना आणखी शिरा मागून घेऊन गेला.

त्या हिवाळ्यात मी त्यांना चौदा पूजांना नेलं. प्रत्येक ठिकाणी यजमान आयटीतला, आणि प्रत्येक ठिकाणी जेवताना गुरुजी सहज म्हणत, "हा आमचा अजित. डेटाबेसचं काम उत्तम करतो म्हणतात." मार्चमध्ये मला नोकरी लागली ती अशाच एका सत्यनारायणाच्या जेवणात. हे एवढं सविस्तर सांगतोय, कारण पुढचं सांगताना मला कुठेही सूट नको आहे.

आता पिंपाचं. २००५ साली आमच्या महाराष्ट्र मंडळाचा अध्यक्ष होता प्रमोद. नागपूरचा, दिलदार आणि मोठ्या आवाजाचा. त्याला बर्बनचा नाद लागला होता. बर्बन म्हणजे मक्याची व्हिस्की, तिच्यात बहुतेक जण थोडं राय नावाचं धान्य घालतात. केंटकीतल्या एका डिस्टिलरीत त्याऐवजी गहू घालत, आणि दुकानांना हवं तर एक अख्खं लाकडी पिंप स्वतः निवडून घेऊ देत. त्या एकाच पिंपातली व्हिस्की, पाणी न घालता, निघेल तशी जहाल बाटल्यांत भरायची आणि लेबलवर दुकानाचं नाव टाकायचं. प्रमोदने स्टॅनला पटवलं की निम्म्या बाटल्या आपली मंडळी उचलतील. स्टॅनचे गुडघे गेलेले. तो म्हणाला, माझं नाक पाठवतो. तेव्हा गुरुजी, प्रमोद आणि गाडी चालवायला मी असे आम्ही निघालो.

इंडियाना संपेपर्यंत मक्याची शेतं. गुरुजींनी डब्यात दशम्या आणि लसणाची चटणी आणली होती. डिस्टिलरीचं गोदाम सात मजली, लाकडी आणि आत अंधार. वेन नावाचा एक आडदांड माणूस आमच्याबरोबर होता. त्याने सांगितलं की वरच्या मजल्यावर उन्हाळ्यात फार तापतं, पिंपं श्वास घेतात आणि दर वर्षी थोडी थोडी दारू उडून जाते. गुरुजींनी मान हलवली आणि मला म्हणाले, "मळीचं अल्कोहोल आम्ही महिन्यात विकून टाकायचो. इथे सात-आठ वर्षं कोणी हात लावत नाही. एवढी सवड असलेली माणसं मी पहिल्यांदा बघतोय."

तीन पिंपं काढून ठेवली होती. वेनने बूच काढून तांब्याची लांब नळी आत सोडली, वरून अंगठ्याने दाबली आणि बाहेर काढून माझ्या आणि प्रमोदच्या ग्लासात थोडी थोडी ओतली. गुरुजींनी ग्लास घेतलाच नाही. त्यांनी उजवा तळवा खोलगट करून पुढे धरला, आचमनाला धरतात अगदी तसा. वेनने त्यात चमचाभर ओतली.

प्रमोद खो खो हसला. "गुरुजी, म्हणा आता, केशवाय नमः."

गुरुजी हसले नाहीत. दोन्ही तळवे एकमेकांवर चोळत म्हणाले, "तसं बोलू नकोस रे प्रमोद. हेही माझं काम आहे आणि तेही. देवाने हात एवढेच दिलेत, म्हणून दोन्ही याच हातांनी करतो. पण मध्ये मी हात धुतो."

प्रमोदने ते ऐकलं की नाही मला माहीत नाही. मी ऐकलं होतं.

मग त्यांनी तळवे नाकाशी नेले आणि डोळे मिटले. तीनही पिंपांना प्रत्येकी पाचेक मिनिटं घेतली असतील. वेन आधी गालात हसत होता, नंतर हसायचा थांबला. गुरुजी म्हणाले, "पहिल्यात लाकूड फार पुढे पुढे करतंय. दुसरं गोड आहे, पण लगेच संपतं. हे तिसरं घ्या. आधी तूप तापल्याचा वास येतो, मग कणीक भाजल्याचा, आणि शेवटी जायफळ. जहाल आहे, पण आरडाओरडा नाही." प्रमोदला पहिलं हवं होतं, कारण त्याच्या घोटाने डोळ्यांत पाणी आणलं होतं. पण वेनने तिसऱ्याचा घोट घेतला आणि म्हणाला, तुम्ही नको म्हणालात तर हे पिंप मी स्वतःसाठी बाजूला ठेवेन. तेव्हा प्रमोदने तिसऱ्यावर खडूने खूण केली. परतीच्या वाटेवर गुरुजी मागच्या सीटवर झोपले होते आणि झोपेतही त्यांचा तळवा नाकाजवळ होता.

आठवड्याने डिस्टिलरीचा फॉर्म आला. दुकानाचं नाव, पत्ता, आणि खाली एक रिकामी ओळ, लेबलवर काय लिहायचं ती. स्टॅनने तो माझ्या हातात दिला, कारण माझं इंग्रजी त्याच्यापेक्षा बरं होतं. गुरुजी त्या दिवशी कुणाच्या बारशाला गेले होते. मी काउंटरवरच फॉर्म भरला आणि त्या ओळीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'सिलेक्टेड बाय टेंबे गुरुजी.' नुसतं 'आर. टेंबे' लिहिता आलं असतं. पण मला ते फिकं वाटलं. या माणसाने आपल्यासाठी एवढं केलं, त्याचं नाव अमेरिकेतल्या बाटलीवर यावं, मानाने यावं, असं मला मनापासून वाटलं. खाली सही केली आणि दुकानातूनच फॅक्स केला. त्यांना सरप्राइज द्यायचं होतं मला.

बाटल्या ऑगस्टमध्ये आल्या तेव्हा मी कामासाठी व्हर्जिनियात हर्नडनला होतो. परत आलो तोवर प्रमोदच्या घरी पार्टी होऊन गेली होती. त्याची सासू पुण्याहून आलेली होती, आणि पुढच्याच रविवारी तिच्या हौसेचा सत्यनारायण ठरला होता, अर्थात टेंबेगुरुजींचा. टेबलावरची बाटली बाजूला सरकवताना तिने चष्मा लावून लेबल वाचलं आणि जावयाला विचारलं, "हे आपलेच का?"

एवढं पुरलं. जे सगळ्यांना माहीत होतं ते आता छापून आलं होतं, आणि छापलेलं माहीत नाही म्हणता येत नाही.

त्या शनिवारी दुपारी गणपतीच्या तयारीसाठी कमिटीची मीटिंग होती, लायब्ररीच्या खोलीत. मीही कमिटीवर होतो. दरवर्षी मंडळाच्या गणपतीची प्रतिष्ठापना गुरुजी करत.

"या वर्षी टेंबे नकोत यार," प्रमोद म्हणाला. "माझ्या सासूबाई म्हणतात, दारूच्या बाटलीवर 'गुरुजी' छापलेला माणूस देवाला हात कसा लावेल? मी काय सांगणार त्यांना?"

"काम करतात ते ठीक आहे," हिशेब ठेवणाऱ्या वर्षाताई म्हणाल्या. "आपण कधी काही म्हटलं का? पण ॲडव्हर्टाइज कशाला करायची? मुलं विचारतात ना."

"म्हातारपणी नाव छापून घ्यायची हौस, दुसरं काय," प्रमोद म्हणाला. "तू होतास ना रे बरोबर, अजित? तुला काही बोलले होते का?"

टेबलाभोवती आम्ही सहा जण होतो. त्यातल्या पाच जणांच्या घरी ती बाटली होती. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं, की नाव मी टाकलं, त्यांना विचारलंही नव्हतं. वाक्य तोंडात तयार होतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यातला राग क्षणभरात माझ्याकडे वळेल हे मला दिसत होतं. मी म्हटलं, "नाही, मला नाही काही बोलले. जरा अतीच झालं पण."

जरा अतीच झालं. हे मी म्हणालो.

आणि मी त्यांच्या जवळचा, म्हणून गुरुजींना सांगायचं काम कमिटीने माझ्यावर टाकलं. मी दुकानात गेलो. त्यांनी सगळ्या बाटल्या फळीवर अशा लावल्या होत्या की नावाची बाजू भिंतीकडे जावी. मी इकडचं तिकडचं बोलून शेवटी म्हटलं, "गुरुजी, या वर्षी प्रतिष्ठापनेला मंदिरातल्या गुरुजींना बोलावलंय. कमिटीचं ठरलं तसं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं काहीतरी विचारतील. "बरं," ते म्हणाले. मग म्हणाले, "मोदकांची पिठी मागच्या वर्षी जुनी होती. या वर्षी ताजी आणायला सांग त्यांना."

त्यांना कोणी वाळीत टाकलं नाही. आपली माणसं तशी सभ्य आहेत. फोन यायचे थांबले, इतकंच. वर्षभरात ताम्हन-पळीची पिशवी टोयोटाच्या डिकीतून सुनीताच्या बेसमेंटमध्ये गेली. दुकानात मात्र बाया-पुरुष येत राहिले, आणि ती गव्हाची बाटली तर संपेपर्यंत सगळे मागून मागून नेत होते. "गुरुजींवाली द्या," असंच म्हणत.

२००७ साली आम्ही घर घेतलं. वास्तुशांतीला गुरुजींनाच बोलवायचं, असं मी मीनलला म्हणत होतो. ती म्हणाली, "बोलाव ना, मी कुठे नाही म्हणतेय?" पण प्रमोद आणि वर्षाताई येणार होते, माझा बॉस येणार होता, आणि शेवटी मी मंदिरात फोन केला. गुरुजींना पाहुणे म्हणून बोलावलं. ते आले, चांगला कोट घालून. मागे सोफ्याजवळ कार्पेटवर मुलांमध्ये बसले. नवे गुरुजी घाईत होते. मध्येच मी मागे वळून पाहिलं तर टेंबेगुरुजींचे ओठ हलत होते. पुढचे गुरुजी दोन पानं ओलांडून पुढे गेले होते, आणि हे मागे बसून ती दोन पानं आवाज न करता म्हणत होते. माझ्या घरासाठी. माझी नजर गेलेली कळताच त्यांनी ओठ मिटले आणि शेजारच्या मुलाला काहीतरी विचारायला लागले.

दुसऱ्या वर्षी त्यांच्या जावयाची बदली डॅलसला झाली. गुरुजींचा दुकानातला शेवटचा आठवडा होता तेव्हा एका दुपारी मी गेलो. गर्दी नव्हती. ते खाली बसून एका खोक्यावर टेप लावत होते. मी तीन वर्षं जे वाक्य घोकत होतो ते एका दमात बोलून टाकलं.

"गुरुजी, त्या लेबलवर तुमचं नाव मी टाकलं होतं."

"माहीत आहे," ते म्हणाले. टेप दाताने तोडली आणि खोक्यावर हाताने सारखी केली. "फॉर्म इथेच फाइलमध्ये होता. खाली तुझी सही. बाटल्या आल्या त्याच दिवशी पाहिला मी."

"मग तुम्ही कोणाला बोलला का नाहीत?"

"मी कशाला बोलू? मी म्हटलं, तू सांगशील."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. काउंटरला धरून ते उठले आणि गुडघे झटकले. "पहिल्या वर्षी गणपतीच्या आधी सोवळं धुऊन ठेवलं होतं," ते म्हणाले. "वाटलं, पोरगं घाबरलंय, ऐनवेळी सांगेल. दुसऱ्या वर्षीही धुतलं."

"मी आजच मेल टाकतो, गुरुजी. सगळ्यांना. खरं काय ते लिहितो."

"बरं," ते म्हणाले.

तेवढ्यात एक बाई आल्या आणि माशाबरोबर कुठली वाइन चांगली म्हणून विचारायला लागल्या. गुरुजींनी एप्रनला हात पुसले, मासा कसा करणार आहात ते विचारलं आणि त्यांना घेऊन मागच्या फळ्यांकडे गेले. मी थोडा थांबलो. बाहेर येऊन गाडीत बसलो तेव्हा काचेतून ते दिसत होते. दोन बाटल्या हातात घेऊन बाईंना काहीतरी समजावून सांगत होते. नंतर मी त्यांना पाहिलं नाही.

घरी जाऊन मी मेल लिहिली. चारच ओळींची झाली. दोनदा वाचली, एक शब्द बदलला, आणि उद्या सकाळी शांतपणे पाठवू म्हणून ठेवून दिली. ती मी पाठवली नाही. मंडळाच्या मेलच्या यादीत गुरुजींचंही नाव होतं, त्यामुळे पाठवली नाही हे त्यांना कळलंच असेल.